रक्त कमी, भार तोच

यजमानांना कंपवात जडल्याला आता सहा वर्षे झाली. त्यांची झोप फार हलकी झाली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारच्या खोलीतून बंदुकीचे आवाज येऊ लागले आणि ते मध्यरात्री दचकून उठू लागले. एकोणीस वर्षांचा आमचा नातू संगणकावर ‘द लास्ट ऑफ अस’ हा भयप्रधान खेळ खेळत असे.

“इतकी मारामारी कशाला रे?” मी विचारले.

“आजी, याच कथेवर मालिका आहे. तिच्यात मारामारी पुष्कळ कमी आहे. पाहशील?”

त्यानेच मला सारे समजावून सांगितले. मूळ खेळ २०१३ सालचा. बुरशीच्या संसर्गाने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेतून एक प्रौढ गृहस्थ एका मुलीला घेऊन निघतो, अशी त्याची कथा. २०२० साली आलेला दुसरा भाग सौम्य नव्हता, उलट अधिक क्रूर होता. त्यात शत्रू पडला की त्याचे सोबती त्याला नावाने हाका मारतात. आपण कोणाला मारले, हे खेळणाऱ्याला विसरता येत नाही. २०२३ सालच्या मालिकेत मात्र चकमकी कमी केल्या. खेळणाऱ्याच्या हातांना सतत काम लागते, म्हणून तिथे शत्रूंच्या झुंडी. पाहणाऱ्याला एखादा प्रसंगही पुरतो.

आम्ही दोघांनी मिळून तिसरा भाग पाहिला. खेळात भांडून दूर गेलेला आणि मृतावस्थेतच सापडणारा एक जोडीदार मालिकेत मात्र वर्षानुवर्षे आपल्या माणसासोबत संसार करतो. दोघे म्हातारे होतात. एकाला असाध्य आजार जडतो. दुसरा त्याला उठवतो, चाकाच्या खुर्चीत बसवतो, गोळ्या देतो. ते हात मला परके वाटले नाहीत. शेवटी मात्र दोघेही आयुष्य संपवण्याचे ठरवतात. त्या शेवटच्या प्रसंगात रक्ताचा थेंब नव्हता, तरी दोन रात्री मला झोप लागली नाही.

तो शेवट मला पटला नाही. आजही पटत नाही. तिसऱ्या दिवशी नातवाने हळूच विचारले, “आजी, तू दमतेस का गं?” सहा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. “दमते,” मी म्हणाले, आणि पदराने डोळे टिपले. त्या रात्री आजोबांना कूस बदलवण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले. खेळाचे आवाज कानाला लावायच्या यंत्रात गेले.

वाचकहो, मारामारी कमी झाली म्हणून कलाकृती हलकी होत नाही. म्हणून नुसते वयाचे मानांकन पाहून थांबू नये. आपल्या मनाची त्या दिवशीची अवस्थाही पाहावी. असे काही निजण्यापूर्वी पाहू नये, एकट्याने तर नाहीच. पाहिल्यावर कोणाशी तरी बोलावे. शुश्रूषा करताना मनात निराशेचे विचार येऊ लागले, तर ते लपवू नयेत. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

नातू आता वसतिगृहावर परतला आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो. आजोबांची चौकशी झाली की तो विचारतो, “आणि तू?” मी खरे तेच सांगते.