चुकीची किंमत

तरुण उद्योजकाची गोष्ट आपल्याकडे कल्पनेपासून सुरू होते आणि थेट गुंतवणुकीच्या आकड्यावर जाऊन पोचते. मधली वर्षे कोणी सांगत नाही. नवी वस्तू बाजारात टिकणार की नाही, हे माझ्या मते त्याच वर्षांत ठरते. चूक किती लवकर कळली आणि ती दुरुस्त करायला किती पैसे पडले, यावर ते ठरते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या अंकित मेहता, राहुल सिंग आणि आशिष भट यांनी २००७ साली आयडियाफोर्ज ही ड्रोन बनवणारी कंपनी काढली. २००९च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये त्यांचे उडते यंत्र साऱ्या देशाने पाहिले. लष्कराची सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी मात्र जानेवारी २०२१मध्ये आली. मधल्या काळात डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेबरोबर ‘नेत्र’ हे ड्रोन घडले. सुरुवातीच्या दिवसांत पाठीशी होते आयआयटीच्या पवईच्या आवारातले, २००४मध्ये स्थापन झालेले ‘साइन’ हे नवउद्योगांचे केंद्र. अशा केंद्रात जागा, प्रयोगशाळा आणि जाणती माणसे हाताशी असतात, त्यामुळे एखादे यंत्र कोसळले म्हणून कंपनी कोसळत नाही.

आयआयटी मुंबईतच शिकलेल्या मनोज मीणा आणि सिबब्रत दास यांनी २०१२मध्ये ॲटमबर्ग सुरू केली. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, ॲटमबर्गचा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित, मोटरचा पंखा साधारण २८. ही मोटर त्यांनी शोधलेली नव्हती; ती आपल्या छताला, आपल्या व्होल्टेजला आणि आपल्या खिशाला मानवेल अशी करणे हे खरे काम होते. असे काम कागदावर पुरे होत नाही. त्याला लेथवाला, डायमेकर, प्लेटिंगवाला लागतो. साकीनाका, मरोळ, अंधेरी एमआयडीसीतल्या गाळ्यांत ही माणसे वर्षानुवर्षे आहेत. भोक अर्धा मिलिमीटर चुकले तर तिथे ते उभ्या उभ्या सुधारून मिळते. नवनिर्मितीवरच्या भाषणांत या माणसांचे नाव येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तारुण्याचे धाडस हेच मोठे भांडवल, असे म्हणणारे भेटतात. अझूले, जोन्स आणि सहकारी या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या जनगणना खात्याची आकडेवारी तपासली, तेव्हा हजारांत एक अशा सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय ४५ निघाले. त्याच धंद्यातला आधीचा अनुभव असेल तर यशाची शक्यता आणखी वाढलेली दिसली. मला यात तरुणांविरुद्धचा कौल दिसत नाही. अनुभव म्हणजे आधीच, बहुधा दुसऱ्याच्या पगारावर, करून झालेल्या चुका. पंचविशीतल्या मुलाकडे ती शिदोरी नसते, म्हणून त्याला जाणता कारागीर जास्त जवळ हवा. ॲपवाल्यांना लेथ कशाला, हा दुसरा आक्षेप. पण घाटकोपरच्या शाळेत जाणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाने २०१८मध्ये पार्सल पोचवण्याची सेवा काढली, ती डबेवाल्यांच्या जोरावर. त्यांच्या जाळ्यातल्या चुका शतकभर निस्तरल्या गेल्या होत्या. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: २०२३मध्ये शेअर बाजारात आलेल्या आयडियाफोर्जची विक्री पुढे घसरली, २०२४-२५मध्ये तोटा झाला. सरकारी मागणीवर बराचसा धंदा उभा असला की खरेदी लांबते आणि गिऱ्हाइकाचा प्रतिसादही उशिरा मिळतो. माझा मुद्दा इथे उलट्या बाजूने पटतो.

चूक लवकर सुधारायची तर कारागीर जवळ हवा, म्हणूनच मला काळजी वाटते ती जागेची. घाटकोपर ते मुलुंड, लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कितीतरी कारखाने जाऊन तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले. अंधेरीतही गाळ्यांवर तोच दाब आहे. लेथवाला वसईला किंवा भिवंडीला गेला, की पवईतल्या मुलाचा एका सुट्या भागासाठी अख्खा दिवस जातो, आणि वर्षभरात अशा किती फेऱ्या होतात ते त्यालाच ठाऊक. औद्योगिक वसाहतींच्या पुनर्विकासात तळमजल्याचा काही भाग लहान यंत्रशाळांसाठी, त्यांना परवडेल अशा भाड्याने राखून ठेवता येईल. नवउद्योगांसाठी जाहीर होणाऱ्या निधीइतकीच मला ही मागणी निकडीची वाटते.