पाण्याचा पल्ला

एकट्याने सायकलीवरून ओसाड मुलुख तुडवायचा म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे लडाख उभे राहते. पुस्तके वाचणाऱ्यांना आणखी कुणी आठवतील. मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ साली सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे वाळवंटे पालथी घालून १९२८ साली घरी परतले. एवढी छाती आणि एवढी रजा तुमच्या-आमच्यापाशी कुठून असणार? पण एका दिवसाची सवड असेल, तर जळगाव जिल्ह्यातले भडगाव गाठावे आणि तिथून कासोदा-एरंडोलच्या वाटेने पद्मालयाच्या गणपतीला जावे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. नकाशावर करंगळीखाली झाकले जाईल एवढे!

खानदेश म्हणजे वाळवंट नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तिकडची स्नेहीमंडळी मला पुन्हा भरीत खायला बोलावणार नाहीत. केळीच्या बागांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर नेले, त्याला वाळवंट कोण म्हणेल? पण या हिरवेपणाला पाण्याची रेघ आहे. रेघेच्या अलीकडे केळी आणि लिंबू, पलीकडे उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन, बाभळी आणि झळा. मोटारीतून जाताना ही रेघ दिसत नाही. सायकलवाल्याला मात्र ती घशात कळते.

पाचोऱ्याला गाडीतून उतरून भडगावकडे निघालो, की गिरणेचा पूल लागतो. फाल्गुनातली गिरणा म्हणजे बहुतेक वाळू, आणि मधे आरशाच्या तुकड्यांसारखी चार डबकी. याच गिरणेने १८७२ सालच्या पुरात भडगावचा मोठा भाग धुऊन नेला होता, हे त्या वाळूकडे पाहून खरे वाटत नाही. १९६९ साली वर नाशिक जिल्ह्यात गिरणा धरण पुरे झाले. आता पाणी सोडले की नदी वाहते. या सोडण्याला इकडे 'आवर्तन' म्हणतात. धरणातून सुटलेले पाणी नदीतून जामद्याच्या बंधाऱ्यापाशी येते आणि तिथून कालव्यांनी शेतांकडे वळते. धरण भरले की नाही, ही चौकशी इकडे पाहुण्याच्या प्रकृतीच्याही आधी होते.

मी भडगाव सोडले तेव्हा दिवस नुकता उगवत होता. कॅरियरला एक पिशवी, पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा आणि दोन कांदे. दांडीला पाण्याच्या दोन बाटल्या. पहिला तास राजासारखा गेला. वाऱ्यात गारवा होता, कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी होती आणि बांधावरचा एखादा पळस असा पेटलेला, की त्याच्याकडे बघता बघता हँडल वळावे. शेतांतून पऱ्हाट्यांचे ढीग पडलेले. रस्ता सपाट आहे असे कुणीही सांगेल. पण 'सपाट' या शब्दाचा खरा अर्थ पायडल मारणाऱ्या पोटऱ्यांना विचारावा. नकाशात न उमटणारे किती चढउतार त्या पाठ म्हणून दाखवतील!

कासोद्याला चहा घेतला, बाटल्या भरल्या आणि पुढे निघालो. दहा वाजल्यानंतर उन्हाने आपले खरे रूप दाखवले. झाडे विरळ झाली. डांबरावर पाण्याचा भास चमकू लागला. आपण पुढे जावे तसा तोही पुढे सरके. वाटेत माणूस नाही, आणि बोलायला बरोबर कोणी नाही. एकटेपणाची एक मौज अशी, की कान तीक्ष्ण होतात. साखळीची कुरकुर, टिटवीची ओरड आणि मग मागच्या चाकातून आलेला तो बारीक, दीर्घ उसासा!

बाभळीचा काटा.

चाक उतरवले, ट्यूब बाहेर काढली, हवा भरली. आता भोक शोधायचे कसे? कुठल्याही दुकानात आधी पाण्याचे घमेले पुढे येते. ट्यूब बुडवली की बुडबुडा आपणच जागा दाखवतो. माझ्यापाशी मात्र एकच बाटली उरली होती, आणि तीही अर्धी. पुढचे गाव म्हणजे क्षितिजावर झाडांचा एक ठिपका. ते पाणी ट्यूबवर ओतले, तर सायकल चालेल; पण सायकलस्वाराचे काय? बाटलीचे बूच मी उघडले नाही. ट्यूब ओठांजवळ धरून हळूहळू फिरवीत गेलो. ओल्या ओठाला वाऱ्याची सुई टोचावी तसे झाले, आणि जागा सापडली. टायरमध्ये त्याच ठिकाणी काटा अजून रुतून बसलेला होता. तो उपटला, कानशीने ट्यूब घासली, सोल्यूशन लावून ठिगळ डकवले. हे सारे मिळून अर्धा तास. पण त्या उन्हात तो अर्धा प्रहर वाटला.

पुढे एक लिंबाची बाग लागली. झाडांच्या बुंध्याशी ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या होत्या, आणि त्यांतून थेंब थेंब पडत होता. खोपटापाशी एक म्हातारी बसली होती.

"कोठून उना भाऊ? एकलाच शे का?"

"हो मावशी. भडगावहून. पद्मालयाला चाललोय."

"पानी पी ले आधी. मंग बोल."

तिने माठातला तांब्या काठोकाठ भरून दिला आणि वर गुळाचा खडा ठेवला. मी दुसरा तांब्या मागितला, तोही तसाच भरून आला. मग पंक्चरने काळे झालेले हात धुवायला मी खोपटाच्या कडेला सरकलो, तेव्हा मात्र तिने हाक मारली,

"तठे नको. आळामा धू. झाडले पानी जाई."

गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते, हे तिने मागाहून सहज सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पाहुण्याच्या घशासाठी तांब्या काठोकाठ, पण त्याचे हात धुतलेले पाणीही लिंबाच्या मुळाशीच! एवढा चोख हिशेब मी कुठल्याही कचेरीत पाहिलेला नाही. आजवर मी पाण्याला शेताच्या अंगाने पाहत होतो. त्या लिंबाखाली बसल्यावर ते घराच्या अंगाने दिसले.

एरंडोलला लोकपरंपरा महाभारतातली एकचक्रानगरी मानते. भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे सांगतात. गाडाभर अन्न फस्त करणाऱ्या त्या भीमाची मला तिथे फार आठवण झाली, कारण भाकरी केव्हाच संपली होती. शेवभाजीच्या एका ताटाने ती उणीव भरून काढली.

पुढे पद्मालयाची वाट टेकडीला लागते आणि झाडी दाट होते. शेवटच्या चढावर सायकल हातात धरूनच चालावे. त्यात कमीपणा नाही. वर दगडी मंदिर. आत दोन गणपती शेजारी शेजारी, एकाची सोंड उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. समोर तळे, ज्याच्या कमळांवरून हे स्थान पद्मालय झाले. मी तळ्याच्या काठावर बसलो आणि कितीतरी वेळ नुसते पाणी पाहिले. दिवसभर ज्याचा घोट घोट मोजला, ते असे न मोजता पसरलेले बघायला मिळणे हीच एक मोठी यात्रा वाटली.

वाचकांपैकी कुणाला जायचे असेल, तर दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. तेव्हा कापूस फुटलेला असतो आणि ऊन अंगाला गोड लागते. सोबत दोन ठिगळे, सोल्यूशन आणि पंप असू द्यावा. बाटल्या भरून घ्याव्यातच. पण वाटेत एखाद्या खोपटापाशी उतरून पाणी मागावे. मिळेल, काठोकाठ मिळेल. फक्त हात धुताना जवळ एखादे झाड आहे का, तेवढे पाहावे.