मक्याची कात

गेल्या हिवाळ्यात थोरल्या मुलाकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात, तीन महिने राहून आले. जाताना कुरडया, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी सारे बांधून नेले. पण नातवाच्या खोलीत काचेच्या पेटीत साप आहे, हे मला कुणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर मी गेलेच नसते, हे मुलगा जाणून होता.

माझा पाठचा भाऊ मण्यार चावून गेला. मी तेव्हा बारा वर्षांची. आम्ही दोघे एकाच वाकळीवर निजलो होतो. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात, मग बोलता येईना. तेव्हापासून सापाचे नाव निघाले की माझ्या पोटात गोळा येतो. धामण शेतातले उंदीर खाते, तिला मारू नये, हे मी गड्यांना बजावते खरी. पण बजावते ती बांधावर उभी राहून.

नातवाचा साप बिनविषारी. कॉर्न स्नेक त्याचे नाव. मक्याच्या कणगीभोवती उंदरांच्या मागे फिरायचा म्हणून हे नाव पडले म्हणतात. पोटावरची नक्षीही मक्याच्या दाण्यांसारखीच. हे पिल्लू हातभर लांब, नारिंगी रंगाचे. मी त्याला दारातूनच 'मक्या' म्हणू लागले. तिकडे तो दुकानात विकत मिळतो. आपल्याकडे रानातला साप धरून घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा आमच्या नातवाचे वाचून कुणा पोराने तसला उद्योग करू नये.

जानेवारीत मक्या मळकट दिसू लागला. डोळ्यांवर दुधाळ निळी झाक आली. नातू म्हणाला, "आजी, आता तो कात टाकणार. त्याला नीट दिसत नाही, हात लावायचा नाही." चार-पाच दिवसांनी डोळे निवळले. आता साप नाक घासून ओठांजवळची कात सोडवतो आणि उलटा मोजा काढावा तशी अखंड मागे टाकून निघतो. मक्याला ते जमेना. डोक्यावरची थोडी निघाली, बाकी अंगाला पापुद्र्यांसारखी चिकटून राहिली.

त्या दिवशी बर्फामुळे शाळा बंद. मुलगा-सून कामावर. नातवाने नखाने पापुद्रा धरला नि ओढू लागला. मी दारातून ओरडले, "ओढू नकोस रे! गाईचा जार अडकला तर आपण ओढतो का?" जार म्हणजे काय हे त्याला समजावण्यातच पाच मिनिटे गेली. पण हात त्याने काढला.

सुनेने ऑफिसातून जनावरांच्या डॉक्टरला फोन लावून विचारले. तो म्हणाला, हवा कोरडी पडली आहे. मला ते लगेच पटले. घरात रात्रंदिवस गरम हवा खेळवलेली. माझ्या टाचा फुटून रक्त येत होते, मग त्या जिवाचे काय? डॉक्टरने दोन गोष्टी बजावल्या. शेपटीच्या टोकाला कात आवळून राहिली तर रक्त पोचत नाही, टोक वाळून गळते. ती आज निघायला हवी. आणि सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. तोही कातीबरोबर निघतो. राहिला तरी नखाने काढायचा नाही, डोळा जाईल.

भोकांच्या डब्यात कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल घातला, त्यात मक्याला अर्धा तास ठेवला. पाणी हाताला ऊन लागेल इतके नको, अंगापेक्षा थोडे निवांतच. मग ओल्या फडक्यातून त्याला सरपटू द्यायचे, डोक्याकडून शेपटीकडे. नातवाचे हात थरथरत होते. "आजी, त्याची शेपटी तुटेल," म्हणून तो रडू लागला.

मग काय करते? पदर खोचला आणि फडके घेऊन मीच मक्याला धरला. साप बुळबुळीत असेल अशी माझी आजवरची समजूत. तो होता मऊ, जुन्या धुतल्या लुगड्यासारखा. माझ्या मुठीतून तो हळूहळू पुढे सरके आणि पापुद्रे फडक्याला लागून राहत. शेपटीच्या टोकाला मात्र तीनदा भिजवावे लागले. शेवटी टोपीसारखी कात निघून आली. भावाची आठवण झाली नाही असे नाही. झाली, पण हात सोडला नाही.

उजव्या डोळ्यावरचा खवला राहिलाच. आम्ही त्याला हात लावला नाही. पेटीत ओल्या शेवाळाची डबी ठेवली, घासायला एक खरबरीत दगड ठेवला. शेतात सापाला दगड-धसकटे असतात. पेटीत नुसता कागद होता, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

मी परत आले. फेब्रुवारीच्या अखेरीस नातवाने फोनवर तोंड दाखवले, हातात अखंड कात. मी म्हटले, "डोळे बघ आधी." त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. कातीत दोन्ही डोळ्यांचे खवले होते, उजव्या बाजूचा जरासा जाड.