सिगारेट ओढली की डोकं चालतं?

तळोजा एमआयडीसीत काम करणारे पेशंट मला नेहमी सांगतात, "डॉक्टर, एक सिगारेट मारली की डोकं चालायला लागतं." तुम्हालाही तसं वाटत असेल, तर ते खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे.

धुरातलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोहोचतं. डोपामिन वाढतं, तरतरी येते. मात्र साधारण २ तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थपणा, कामात लक्ष न लागणं. आपण म्हणतो, कामाचा ताण आहे. ही तलफ असते! पुढची सिगारेट तुम्हाला हुशार करत नाही. न ओढणारा सहकारी जिथे आधीपासूनच आहे, तिथे थोड्या वेळापुरतं आणून सोडते.

ब्रेकचा फायदा मात्र खरा आहे. केमिकल प्लांटमध्ये काडेपेटीही नेता येत नाही, म्हणून तुम्ही गेटबाहेरच्या टपरीपर्यंत चालता, गप्पा मारता. तो ब्रेक ठेवा, सिगारेट वगळा. (बाहेर जाता येत नाही म्हणून तंबाखू मळणारेही आहेत. निकोटिन तेच, वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका.)

सोडल्यावर पहिले २-३ दिवस सर्वात अवघड. लक्ष लागणार नाही, झोप बिघडेल. ३-४ आठवड्यांत हे बहुतेक निवळतं. शक्यतो सुट्टीला जोडून सुरुवात करा. निकोटिन गमचा डोस डॉक्टरांना विचारून घ्या. राष्ट्रीय क्विटलाइनचा टोल फ्री नंबर १८००-११-२३५६. तो तुमच्या पाकिटावरच छापलेला असतो.