३० डिसेंबर १८९९

डिसेंबर २०२३ मध्ये एका साखर कारखान्याच्या काट्यावर मी आठवडाभर मुक्काम ठोकून होतो. काम किरकोळ वाटत होतं. उसाच्या गाडीनं गेटवर नंबर कधी लावला, गव्हाणीत मोकळी होऊन रिकामं वजन कधी झालं आणि मधे किती तास खोळंबली, याचा रोजचा तक्ता काढायचा. नोंदी जुन्या ॲक्सेस फाइलमध्ये होत्या, त्या मी एसक्यूएल सर्व्हरवर आणल्या. प्रत्येक नोंदीला दोन रकाने, तारीख आणि वेळ.

वेळेच्या रकान्यात सगळीकडे ३० डिसेंबर १८९९ उमटलं होतं. काट्यावरचे मामा माझ्या खांद्यावरून डोकावले. "अवो सायेब, तवा हितं माळ हुता नुसता."

मी त्यांना ऐटीत समजावलं. यंत्राच्या पोटात तारीख म्हणजे पूर्ण दिवसांचा आकडा, वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. १३ डिसेंबर २०२३ म्हणजे ४५२७३, रात्रीचे ११:४० म्हणजे ०.९८६११. नुसती वेळ दिली की दिवसाच्या जागी शून्य पडतं, आणि ॲक्सेसचा शून्य दिवस म्हणजे ३० डिसेंबर १८९९. हा असा आडनिडा दिवस का, तर लोटस १-२-३ नं १९०० साल लीप वर्ष धरलं होतं. एक्सेलनं जुन्या फाइली चालाव्यात म्हणून ती चूक तशीच ठेवली, आणि पुढे आकडे जुळावेत म्हणून शून्यच मागे सरकवावा लागला. मामांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

मग मी दोन्ही रकान्यांची बेरीज केली. खोळंब्याचे तास वरवर बरोबर दिसले. दोन दिवस तोच तक्ता वर जात होता. तिसऱ्या दिवशी मामांनी बोट ठेवलं, "ही गाडी तेराची. तुमी अकरा ल्हिवलंय." एसक्यूएल सर्व्हरचा शून्य दिवस १ जानेवारी १९००. त्याच्या लेखी माझी प्रत्येक वेळ उणे दोन दिवसांपासून सुरू होत होती. येणं आणि जाणं दोन्ही सारखंच मागे गेल्यामुळे वजाबाकीत चूक दिसलीच नाही. एकच बाजू चुकली असती तर पहिल्याच तासाला सापडलो असतो.

बेरीज सोडली. पायथनमध्ये तारखेच्या रकान्यातून फक्त तारीख घेतली, वेळेच्या रकान्यातून फक्त वेळ, आणि कंबाइन फंक्शननं दोन्ही सांधले. आता सुटलो म्हणेपर्यंत उणे साडेएकवीस तासांची गाडी निघाली. आली ११:४० ला, गेली २:१० ला, दोन्हीकडे तारीख १३. मध्यरात्र ओलांडली असणार म्हणून जाण्याची वेळ आधीची दिसली तर एक दिवस मिळवायचा, असा नियम मी ठोकून दिला. लगेच दुसरी गाडी अठ्ठावीस तासांची झाली. ड्रायव्हर शेजारीच बिडी ओढत होता. "अठ्ठावीस तास? च्या पिऊन आलो तवर गाडी मोकळी झालीती."

उलगडा मामांनीच केला. त्यांच्या पाळ्या ४ ते १२, १२ ते ८, ८ ते ४. तारीख बदलते ती पहाटे चारला. मध्यरात्री कोण रजिस्टर बदलणार? ती गाडी १४ च्या पहाटे एकला आली होती, रजिस्टरात १३. पाचला गेली, तिथं १४. माझी आजीही सूर्य उगवेपर्यंत कालचाच वार धरायची, पंचांगातही तसंच; तरी हे मला तेव्हा सुचलं नाही. म्हणजे सांधण्याआधीच तारीख दुरुस्त करायला हवी होती. वेळ चारच्या आतली असेल तर एक दिवस पुढे, येण्याला वेगळा आणि जाण्याला वेगळा. चार ओळींचा कोड.

उत्साहात मी जुना तारखेचा रकाना काढूनच टाकला. मामा उखडले. पंधरवड्याचं ऊसबिल कारखान्याच्या तारखेवर निघतं, घड्याळाच्या नाही. रकाना परत घातला, "कारखाना दिनांक" असं नाव देऊन.

शेवटचा तक्ता छापून दिला तेव्हा त्यांनी चष्मा वर सारला आणि थेट पहाटेच्या ओळींवर गेले. ३:५८ ची एक गाडी, ४:०२ ची एक. "ही तेराची. ही चौदाची." कागद रजिस्टरला टाचणीनं लावला आणि पुढची गाडी काट्यावर घ्यायला हात केला.