वळणापुरती चंद्रभागा

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावून रायचूरच्या परिसरात कृष्णेला मिळणारी भीमा सुमारे 860 किलोमीटर वाहते. या लांबलचक वाटेवर ती भीमाच असते, मात्र पंढरपूरला वळसा घालताना तिचे पात्र चंद्रकोरीसारखे वाकते आणि तेवढ्या अंतरापुरती ती चंद्रभागा होते.

वळणावरून नाव पडले ही व्युत्पत्ती देखणी असली तरी पुरेशी नाही. पुराणांत सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांमध्ये हिचे नाव ‘भीमरथी’ असे येते आणि यादव राजा कृष्ण याच्या 1249 च्या ताम्रपटातही पौंडरीकक्षेत्र, म्हणजे पंढरपूर, भीमरथीच्याच काठी सांगितले आहे. उलट चंद्रभागा हे चिनाबचे प्राचीन नाव असून लाहौलमध्ये तांडी येथे चंद्रा आणि भागा हे प्रवाह एकत्र येतात, तर ओडिशात कोणार्कजवळही याच नावाचे तीर्थ आहे. म्हणजे आधीच पावन मानले गेलेले एक नाव दक्षिणेतल्या या बाकाला शोभून दिसले आणि येथे रुजले, असे मानण्यास जागा आहे. शिवाय काठावर उभ्या असलेल्या यात्रेकरूला कोर दिसतच नाही. त्याला दिसतो तो घाटाच्या पायऱ्यांसमोरचा पाण्याचा एक पट्टा आणि पलीकडची वाळू.

या वाळूला पंढरीत ‘वाळवंट’ म्हणतात. येथे या शब्दात ओसाडपणाचा लवलेशही नाही. नदीपात्रातला हा रेताड, मोकळा भाग म्हणजे कीर्तनाची, फुगडीची आणि भेटीगाठींची जागा होय. पुंडलिकाचे मंदिर याच पात्रात असल्याने पूर आला की ते पाण्याने वेढले जाते. अभंगांतून आणि वारकऱ्यांच्या बोलण्यातून नदी ‘भिवरा’ होते, भीमरथीतला रथ गळून पडतो आणि उरते ते घरच्या लेकीला मारावी तशी हाक.

देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. त्यामुळे ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पायवाटेने पंढरीस निघतात, तसे त्यांच्या गावचे पाणीही नदीवाटेने निघते. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात ते अडते, आणि आषाढीच्या स्नानासाठी पात्रात किती पाणी सोडायचे हे पुष्कळदा पावसाइतकेच धरणाचे दरवाजे ठरवतात. पंढरी मागे पडली की पात्र पुन्हा सरळ होते, चंद्रभागा हे नाव घाटापाशीच राहते आणि भीमा कर्नाटकाच्या दिशेने निघते.