घाटाखाली मराठी

आज पुन्हा उभ्यानेच छिंदवाड्याला गेले. सौंसरकडून येणारी बस आमच्या रामाकोन्याला पोचते तीच भरून. आमच्या वाट्याला वरचा दांडा. मध्य प्रदेशात महाराष्ट्रासारखी एसटी नाही, सगळा भार खासगी गाड्यांवर. सवारी भरल्याशिवाय गाडी हलत नाही आणि सकाळचा तास कुणासाठी थांबत नाही. याचा राग येतो, रोज येतो.

सिल्लेवानी घाटात वळणावर एका आजीच्या पिशवीतली संत्री घरंगळली, थेट ड्रायव्हरच्या पायाशी. आम्ही पोरींनी वाकून वेचली. एक तिने माझ्या हातात कोंबलं. "घे माय, उपाशीच निघाली असशीन." खरंच उपाशी होते. सालीचा वास दुपारपर्यंत बोटांना होता, वहीच्या पानांनाही.

बाबा याच मार्गावरच्या, २०१५ साली बंद झालेल्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीबद्दल अजून हळवं होऊन बोलतात. आता तिथे रुंद रूळ आहेत.

घाट चढून उमरानाला आलं की बसमधली मराठी विरळ होते. वर्गात तर हिंदीच. मनात मराठीत जुळवलेलं उत्तर मी हिंदीत मांडते. संध्याकाळी घाट उतरल्यावर मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, "रामाकोना आलं का वं?" मी दप्तर उचलते.